फायली, बाडे आणि तारेला टोचलेली पत्रे

जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या संग्रहांचा आढावा म्हटला की १८३२, बाळशास्त्री आणि ‘दर्पण’ ही सुरुवात ठरलेली. ती वाचकांना पाठ आहे, तेव्हा पुढे जाऊ. ‘प्रभाकर’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’ यांची आठवण ठेवायला माणसे आहेत, संस्था आहेत. शं. ग. दात्यांच्या सूची आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची कपाटे नसती तर आम्ही सगळे चाचपडतच राहिलो असतो. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ शासनाने १९९० साली पुन्हा छापले, शाहू छत्रपतींची कागदपत्रे कोल्हापूरच्या विद्यापीठाने खंडशः काढली. उत्तमच झाले.

माझा जीव अडकतो तो धाकट्या पत्रांत. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. त्याचे जुने अंक शोधायला निघालात, तर बहुतेकदा हाती लागतो तो इंग्रज सरकारच्या अनुवादकाने केलेला साप्ताहिक गोषवारा. पाळत ठेवणाऱ्यांनी तेवढे तरी जपले. ज्यांच्यासाठी लिहिले गेले, त्यांच्या घरांतून अंक रद्दीत गेले! आणि गोषवाऱ्यात काय, तर सरकारला खुपले तेवढेच. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील १९१० पासून नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून ‘दीनमित्र’ चालवीत. पुण्या-मुंबईच्या पत्रांना जे गाव दिसतही नव्हते, तिथून साप्ताहिक निघे! अशा पत्राची फाइल सलग वाचावी. सत्यशोधक पद्धतीने लागलेली लग्ने, कुळकर्ण्यांविरुद्धच्या तक्रारी, वर्गणी थकवणाऱ्यांना दिलेल्या तंब्या यांतून गाव बोलू लागते.

काही विद्वानांचे मत असे की अग्रलेख जपले म्हणजे पत्र जपले. त्यांनी जाहिराती कापून टाकलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. संपादकाला काय वाटले हे त्यांत राहिले, पण पत्र कोणाच्या पैशावर चालले हे गेले.

हीच मंडळी घरगुती पत्रांना ‘खासगी’ म्हणून बाजूला सारतात. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेच्या पटवर्धनांची पत्रे छापली तेव्हा तो इतिहास होता; पण १८७९ नंतर एका पैशाच्या पोस्टकार्डावर सासुरवाशिणीने माहेरी लिहिले, तर तो म्हणे पसारा! तारेला टोचलेली ती कार्डे वाचायला कसब लागते. मजकुरावर ‘श्रावण शु. ५’ असते, शक लिहिलेलाच नसतो. वर्ष सांगतो तो टपालाचा शिक्का. पाकिटांवरची तिकिटे पोरांनी संग्रहासाठी कापली, की तोही आधार जातो. मृत्यूची वार्ता देणारे पत्र वाचून लगेच फाडायची रीत, म्हणून अख्ख्या गठ्ठ्यात कोणी मरतच नाही. एकाएकी एखाद्याला नमस्कार सांगणे थांबते, त्यावरून ओळखायचे. म्हणूनच गठ्ठ्याचा क्रम मोडू नये, असे मी ओरडत आलो.

आता ‘सगळे स्कॅन केले’ हा नवा मंत्र निघाला आहे. स्कॅन हवेच, लगद्याचा कागद हात लावला की तुटतो. पण स्कॅन झाल्यावर मूळ फाइल विकून टाकणारे एक ग्रंथालय मला ठाऊक आहे, आणि त्या स्कॅनमध्ये शिवणीकडचा रकाना अर्धा गिळलेला आहे.

हा अंक हाती पडेपर्यंत घरोघरची सणासुदीची साफसफाई उरकली असेल. रद्दीवाला मात्र अजून यायचा असेल. माळ्यावरून निघालेल्या गाठोड्यातली ‘महत्त्वाची’ तेवढी निवडून ठेवण्याचे उपकार करू नका. ठेवायचे तर सगळे ठेवा.