जकातीचा पैसा आणि डोळ्याची ओळख

वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के भाग गरजूंना देणे ऐपतदार मुसलमानावर बंधनकारक आहे. हीच जकात. तिचा हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नाही. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही आपल्या उपखंडातली ऐपतीची रूढ किमान मर्यादा. पण आजच्या भावाने सोन्याच्या मापात न बसणारे कुटुंबही चांदीच्या मापात बसते. वर्षही चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. इंग्रजी वर्ष धरले तर दर २.५७७ टक्क्यांच्या आसपास जातो. हे गणित मोबाइल अ‍ॅप चुटकीसरशी सोडवते.

अवघड भाग पुढेच आहे. ज्याच्यासाठी पैसा काढला, त्याच्याच हातात तो पडला का?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने २०१९ मध्ये निर्वासितांसाठी जकात निधी सुरू केला. त्यातली जकात व्यवस्थापन खर्च न कापता पूर्ण वाटली जाते. याच संस्थेच्या रोख मदतीसाठी जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासित एटीएमसमोर कार्ड किंवा पिनऐवजी डोळा दाखवतात.

बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावरची नक्षी गर्भातच घडते. जुळ्या भावंडांचीच काय, एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचीही ती वेगळी असते. गडद तपकिरी डोळ्यात ती साध्या उजेडात नीट दिसत नाही, म्हणून कॅमेरा अवरक्त किरण वापरतो. केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी या नक्षीचे २,०४८ बिटांच्या संकेतात रूपांतर करण्याची पद्धत शोधली. दोन वेगळ्या डोळ्यांचे संकेत ताडले तर साधारण निम्मे बिट जुळत नाहीत. न जुळणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले, तर डोळा तोच. कष्टाने बोटांचे ठसे झिजतात, ही नक्षी झिजत नाही. आपल्या आधारमध्येही तिची नोंद असते.

डोळ्याच्या ओळखीमुळे मदतीतले मधले हात कमी झाले, हे मोठेच काम आहे. पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, डोळा बदलता येत नाही. युद्धातून पळालेल्या माणसाची नोंद चुकीच्या हाती गेली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. घरात अन्न नसताना अशा नोंदीसाठी दिलेल्या संमतीला मी खरी संमती म्हणणार नाही.

जकात देणाऱ्यांनी म्हणून संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारावेत: पैसा कोणापर्यंत पोहोचला, आणि घेणाऱ्याच्या डोळ्याची नोंद कोणाकडे, किती काळ राहणार?