बाजारभाव व्हॉट्सअ‍ॅपवर बघायचा की पोर्टलवर? पाथरीच्या सोयाबीनवरून समजून घ्या

समजा, पाथरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे २० क्विंटल सोयाबीन आहे. माल नेण्यासाठी पाथरी, मानवत, सेलू, परभणी असे पर्याय समोर आहेत. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो : ‘आज सोयाबीनला विक्रमी भाव!’ कोणत्या बाजारात, कोणत्या तारखेला, कसल्या मालाला, काहीच लिहिलेलं नाही. क्विंटलमागे २०० रुपयांचा अंदाज चुकला तरी हिशेब ४,००० रुपयांनी हुकतो. गाडीभाडं वेगळंच.

इथेच वेब पोर्टल कामाला येतं.

पोर्टल म्हणजे नेमकं काय?

अनेक ठिकाणची माहिती एकाच साच्यात, एकाच जागी दाखवणारी वेबसाइट म्हणजे पोर्टल. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनुसार आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर दिसतो. केंद्र सरकारचं ‘अ‍ॅगमार्कनेट’ देशभरातल्या बाजारांसाठी हेच काम करतं.

मग इंट्रानेट काय असतं?

इंट्रानेट म्हणजे संस्थेचं आतलं, फक्त आपल्या माणसांसाठीचं जाळं. कंपनीतली परिपत्रकं, रजेचे अर्ज, गोदामातला साठा अशी माहिती तिथे असते. बाहेरच्याला ती दिसत नाही.

काही यंत्रणा या दोन्हींच्या मधल्या असतात. त्यात थोडी माहिती सगळ्यांना खुली असते, पण व्यवहार करायचा तर नोंदणी आणि लॉगिन लागतं. ‘ई-नाम’, म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजार, याच प्रकारातला.

ई-नाम कसं चालतं?

१४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतल्या २१ बाजारांपासून त्याची सुरुवात झाली. आता हजाराहून जास्त बाजार त्याला जोडलेले आहेत, त्यात महाराष्ट्रातलेही आहेत. कामाचा क्रम असा :

१. गेटवर मालाची नोंद होते, लॉट नंबर मिळतो.
२. नमुना घेऊन ओलावा, काडीकचरा वगैरे तपासतात.
३. नोंदणीकृत व्यापारी ऑनलाइन बोली लावतात.
४. शेतकऱ्याला दर मान्य असेल तर वजन होतं आणि पैसे बँक खात्यात जमा होतात.

 यातला महत्त्वाचा बदल असा, की माल न पाहिलेला, दूरचा व्यापारीही तपासणीच्या आकड्यांवरून बोली लावू शकतो. अर्थात, त्या आकड्यांवर त्याचा भरवसा असेल तरच.

पोर्टलवरचा भाव आपल्यालाही मिळेलच का?

नाही. पोर्टल फक्त भरलेली माहिती दाखवतं. बाजार समितीने नोंद उशिरा केली तर आकडाही शिळाच दिसणार. शिवाय दर मालावर ठरतो. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली होती. ओला माल घेऊन गेल्यावर वाळलेल्या मालाचा कमाल दर कसा मिळणार?

भाव फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी बघा

- तारीख आजची आहे का?
- बाजार समितीचं नाव दिलंय का?
- आवक किती? दोन-चार क्विंटलच्या आवकेवरून बाजाराचा अंदाज बांधू नका.
- दर कमाल आहे की सर्वसाधारण? बहुतेक माल ज्या दराच्या आसपास विकला गेला, तो सर्वसाधारण दर. हिशेब त्यावरच करा.

यातलं एक जरी नसेल, तर आधी पोर्टलवर तपासा किंवा बाजार समितीत फोन करून विचारा. माल एकदा गाडीत भरला, की परत आणायचं भाडंही शेतकऱ्याच्याच खिशातून जातं.