नव्या ट्रॅक्टरचे पहिले पन्नास तास

गावात नवा ट्रॅक्टर आला की सारा गाव बघायला जमतो. घरची लक्ष्मी आरती ओवाळते. चाकाखाली लिंबू ठेवतात. पुढे हार चढतो. पेढे वाटतात. हे सगळे चांगलेच आहे. पण पेढे वाटून झाले की एक काम उरते. तेच काम पुष्कळ जण विसरतात. ते काम म्हणजे नव्या यंत्राची पहिली तपासणी आणि पहिली ऑइल-बदली.

कोणी म्हणेल, "नवं कोरं यंत्र हाय, त्याले काय होते? जुनं झालं म्हणजे पाहू." हा विचार उलटा आहे. जुन्या यंत्रापेक्षा नव्या यंत्राला पहिल्या दिवसांत जास्त जपावे लागते. का ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

यंत्र आले, बोजाही आला

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते. पूर्वी नांगरट बैलांवर होत असे. आता बरीचशी नांगरट ट्रॅक्टरवर होते. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबादला आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. १९६३ साली मुंबईच्या महिंद्रांनी ट्रॅक्टरची कंपनी काढली. आता तर आपल्या शेजारी नागपूरलाही ट्रॅक्टरचा कारखाना आहे. यंत्र जवळ आले. विकणारे तालुक्याला आले.

पण यंत्र फुकट येत नाही. ट्रॅक्टर लाखो रुपयांचा असतो. बहुतेक जण तो कर्ज काढून घेतात. पुष्कळदा सातबाऱ्यावर बोजा चढतो. ट्रॅक्टर चालला तर हप्ता भरता येतो. बंद पडला तर हप्ता थांबत नाही. म्हणून यंत्र जपणे म्हणजे आपले शेतच जपणे आहे.

नवे यंत्र आतून घासते

नवी वहाण पहिले चार दिवस चावते. मग पायाला बसते. नवा गोऱ्हा जुवाला लावला तर आपण पहिल्याच दिवशी त्याच्याकडून जड नांगर ओढवून घेत नाही. आधी हलके काम देतो. त्याचा खांदा बसू देतो. यंत्राचेही तसेच आहे.

इंजिनात लोखंडाची नळी असते. तिला सिलिंडर म्हणतात. तिच्यात दट्ट्या वरखाली होतो. त्याला पिस्टन म्हणतात. पिस्टनभोवती लोखंडी कडी असतात. त्यांना रिंगा म्हणतात. कारखान्यात हे भाग तासून गुळगुळीत करतात. डोळ्याला ते आरशासारखे दिसतात. पण मोठ्या भिंगातून पाहिले तर त्यांवर बारीक बारीक उंचवटे दिसतात. इंजिन चालू लागले की हे उंचवटे एकमेकांवर घासतात आणि झिजून सपाट होतात. मग रिंग नळीला नीट चिकटून बसते.

हिशोब करून पाहा. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरते असे धरा. पिस्टन मिनिटाला २००० वेळा वर जातो आणि खाली येतो. एका तासात १ लाख २० हजार वेळा. पन्नास तासांत ६० लाख वेळा. एवढ्या घासण्याने जो लोखंडाचा कीस निघतो, तो कुठे जातो? तो ऑइलमध्ये जातो.

ऑइलची पाच कामे

बैलगाडीच्या आसाला आपण वंगण देतो. दिले नाही तर चाक कुरकुरते, आस झिजतो. इंजिनातले ऑइलही वंगणच आहे. पण ते एकच काम करीत नाही, पाच कामे करते.

१. घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरते.
२. आतली उष्णता वाहून नेते.
३. कीस, काजळी आणि मळ धुऊन नेते.
४. रिंग आणि नळी यांतली बारीक फट बुजवते.
५. लोखंडाला गंज चढू देत नाही.

तिसरे काम ध्यानात घ्या. ऑइल मळ धुऊन नेते, म्हणजे मळ ऑइलमध्येच राहतो. वाटेत गाळणी असते. तिला फिल्टर म्हणतात. ती बराच मळ अडवते, पण सगळा अडवीत नाही. शिवाय गाळणीही भरत जाते. पहिल्या दिवसांत कीस जास्त निघतो, म्हणून पहिले ऑइल लवकर बदलायचे. तेच ऑइल ठेवले तर त्यातला कीस रेतीसारखे काम करतो आणि चांगले भाग खरवडतो.

ऑइल काळे दिसले म्हणजे ते बिघडलेच असे नाही. डिझेलच्या इंजिनात काजळी होते, त्यामुळे ऑइल लवकर काळे पडते. म्हणून रंगावर जाऊ नका. तासांवर जा.

पन्नास तास म्हणजे किती दिवस?

पुष्कळ ट्रॅक्टरांची पहिली तपासणी पन्नास तासांनी असते. तुमच्या ट्रॅक्टरची किती तासांनी आहे, ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. तेच खरे मानावे.

पन्नास तास ऐकले की वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे. इथेच फसगत होते. अक्षय्य तृतीयेला ट्रॅक्टर घरी आला. मे महिन्यात नांगरटीची घाई असते. पाऊस यायच्या आत आपले शेत, भावाचे शेत, शेजाऱ्याचे शेत काढायचे असते. भाड्याची कामेही दारात उभी असतात. ट्रॅक्टर दिवसाला दहा तास चालला, तर पन्नास तास किती दिवसांत होतील? फक्त पाच दिवसांत! पुढाऱ्याचा हार वाळायच्या आत तपासणीची वेळ येऊन जाते. मालक म्हणतो, "नांगरट होऊ द्या, मग नेतो." नांगरट संपेपर्यंत दोनशे तास झालेले असतात.

म्हणून ट्रॅक्टर घेतानाच विक्रेत्याला विचारा, "पहिल्या तपासणीला मिस्त्री गावात येईल, की आम्ही तालुक्याला आणायचा?" तारीख आधीच ठरवून घ्या.

तासांचे मीटर वाचा

तुम्ही आता आकडे वाचायला शिकला आहात. ही विद्या इथे कामी येते. ट्रॅक्टरच्या समोरच्या पाटीवर तासांचे मीटर असते. पुष्कळ मीटरांत शेवटचा आकडा वेगळ्या रंगाचा असतो, किंवा त्याच्या आधी ठिपका असतो. तो आकडा पूर्ण तास दाखवीत नाही. तासाचा दहावा हिस्सा, म्हणजे सहा मिनिटे दाखवतो.

मीटरवर ००४७.५ असे दिसले, तर ट्रॅक्टर साडेसत्तेचाळीस तास चालला. घाईत कोणी ते ४७५ असे वाचील आणि घाबरेल. कोणी ०४७५.० हे ४७ असे वाचील आणि निर्धास्त राहील. दुसरी चूक जास्त महाग पडते.

एक वही करा. रोज संध्याकाळी तारीख आणि मीटरचा आकडा लिहा. डिझेल किती भरले तेही लिहा. घरातला शिकता मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करील. पण मालकाने स्वतः लिहिलेले बरे.

पहिल्या दिवसांत कसा चालवावा?

सकाळी इंजिन सुरू केल्याबरोबर कामाला जुंपू नका. एक-दोन मिनिटे हळू चालू द्या. ऑइल सगळीकडे पोचू द्या. ऑइलच्या दाबाचा दिवा विझला की नाही ते पाहा. चालू असताना हा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा. "तेवढी तास पुरी करतो" असे म्हणू नका. ऑइलचा दाब नसताना थोडा वेळ चाललेले इंजिनही आतून जळून जाते.

पहिल्या पन्नास तासांत फार खोल नांगरट नको. भरलेली जड ट्रॉली घाटात ओढायला नको. पण अगदी रिकामे फिरवणेही बरे नाही. रिंगा बसायला थोडा जोर लागतोच. म्हणून मध्यम काम द्या. सारखा एकाच वेगात चालवू नका. उगाच उभा ठेवून इंजिन चालू ठेवू नका. बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट हळू चालू द्या.

पहिल्या तपासणीत काय करतात?

मिस्त्री आला की त्याच्याजवळ उभे राहा. काय काय होते ते पाहा, आणि नसेल तर विचारा.

इंजिन गरम असताना जुने ऑइल काढतात. गरम ऑइल पातळ असते, त्यामुळे मळ घेऊन बाहेर येते. मग फिल्टर बदलतात. नवे ऑइल घालून जुनाच फिल्टर ठेवणे म्हणजे आंघोळ करून मळका सदरा घालणे. डब्यावरचा अंक पुस्तिकेतल्या अंकाशी ताडून पाहा, जसे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०. अंक जुळत नसेल तर ते ऑइल घालू देऊ नका. स्वस्त म्हणून सुटे ऑइल घेऊ नका.

मग नटबोल्ट आवळतात. नवे यंत्र हादरून हादरून काही नट सैल होतात. चाकांचे नट तर नक्की पाहावेत. पंख्याचा पट्टा, क्लच आणि दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे आहेत का ते पाहतात. डिझेलच्या फिल्टरमधले पाणी काढतात. जिथे ग्रीस द्यायचे तिथे देतात. हवेचा फिल्टर पाहतात.

हवेचा फिल्टर आपल्याकडे फार महत्त्वाचा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीची धूळ पिठासारखी उडते. ती आत गेली तर रिंगा खाऊन टाकते. ज्या फिल्टरच्या तळाला ऑइलची वाटी असते, ती वाटी धुळीच्या दिवसांत रोज पाहावी. चिखल साचला असेल तर साफ करून खुणेपर्यंत ऑइल भरावे. सोयाबीन मळताना भुसा उडून पुढच्या जाळीवर बसतो. मग हवा लागत नाही आणि इंजिन तापते. जाळी दिवसातून दोनतीन वेळा झाडावी. मात्र इंजिन बंद करूनच.

रोज सकाळचे काम

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. इंजिन बंद हवे. रात्रभर उभा असेल तर फारच चांगले. ऑइलची सळई बाहेर काढा. फडक्याने पुसा. पुन्हा पूर्ण आत घाला. पुन्हा काढा आणि पाहा. सळईवर दोन खुणा असतात. ऑइल दोन्ही खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेखाली गेले तर भर घाला. वरच्या खुणेवर मात्र जाऊ नका. जास्त ऑइलही वाईटच. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजा. इंजिन सुरू करू नका, मिस्त्रीला बोलवा.

जुने ऑइल विहिरीपासून दूर ठेवा

ट्रॅक्टरमधून निघालेले काळे ऑइल नाल्यात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. ते पाण्यात उतरते. ते पाणी मग माणूस आणि जनावर दोघांनाही घातक होते. ते अंगालाही वाईट. वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले तर कर्करोगाचे भय असते. जनावराच्या जखमेवर ते लावू नये. हात साबणाने धुवावेत. जुने ऑइल डब्यात भरून विक्रेत्याकडे परत द्यावे.

"फुकट" तपासणीत काय फुकट असते?

नव्या ट्रॅक्टरबरोबर काही तपासण्या फुकट मिळतात. पण बहुधा फुकट असते ती मिस्त्रीची मजुरी. ऑइल आणि फिल्टर यांचे पैसे द्यावे लागतात. हे आधीच विचारून घ्या, म्हणजे भांडण होणार नाही. पैसे दिले की पक्के बिल घ्या.

काम झाल्यावर पुस्तिकेत तारीख, तास, सही आणि शिक्का घ्या. हा कागद सातबाऱ्यासारखा जपा. कंपनी ठराविक काळापर्यंत यंत्राची हमी देते. त्या काळात काही मोडले तर ती आधी पुस्तिका मागते. तपासणी वेळेवर झाल्याची नोंद नसेल तर हमी नाकारली जाऊ शकते. न वाचता कशावरही सही करू नका. काम झालेच नाही आणि "झाले" असे लिहिले असेल, तर सही करायची नाही.

नोंद पक्की असूनही कोणी दाद देत नसेल, तर १९१५ या ग्राहक मदतीच्या क्रमांकावर फोन करता येतो. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण तिथेही बोलतो तो कागदच.

मोटार आणि मोटरसायकल

मोटरसायकलची पहिली तपासणी बहुधा ५०० ते १००० किलोमीटरच्या आत असते आणि तिच्यात ऑइल बदलतात. चारचाकी मोटारीचे थोडे वेगळे आहे. पूर्वी पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल बदलत. आता कारखान्यात भाग जास्त बारीक तासतात, फिल्टरही चांगले आले आहेत. म्हणून पुष्कळ मोटारींची पहिली तपासणी हजार किलोमीटरला किंवा महिन्याने होते. तिच्यात फक्त पाहणी असते, ऑइल पुढे बदलतात. "एवढे किलोमीटर किंवा इतके महिने" असे लिहिले असेल, तर त्यांतले जे आधी येईल ते धरायचे. गाडी अंगणात उभी असली तरी महिने जातातच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. वर्षभर त्याने ओढले, याची ती आठवण असते. यंत्राला खांदा नाही आणि तोंडही नाही. दुखले तर ते सांगत नाही. म्हणून त्याचे मीटर आपणच वाचायचे.

सांगा पाहू

१. ट्रॅक्टर रोज आठ तास चालला, तर पन्नास तास कितव्या दिवशी पूर्ण होतील?
२. मीटरवर ०२४९.५ असे दिसते. ट्रॅक्टर किती तास चालला?
३. ऑइलची पाच कामे कोणती?
४. ऑइल बदलताना फिल्टर का बदलायचा?

करून पाहा

गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरची पुस्तिका मागून घ्या. पहिली तपासणी किती तासांनी सांगितली आहे, ते स्वतः वाचा आणि वहीत लिहा.