कळपात की एकटा?

हिवाळ्यात लातूर-नांदेडकडच्या गावी गेलात, तर भल्या सकाळी उठून माळाकडे एक चक्कर मारा. नशीब असेल तर हरणांचा कळप दिसेल. तांबूस माद्या, त्यांची पाडसं आणि थोडा लांब, एकटाच उभा असलेला काळाभोर, पिळदार शिंगांचा नर. हाच काळवीट! आता सांगा बरं, हरीण कळपात राहतं की एकटं?

सोपं वाटलं ना? पण नाही. माद्या-पाडसं कळपात, तरुण नरांची टोळी वेगळी, आणि मोठा नर आपली हद्द राखत एकटा. जात एकच, तऱ्हा तीन! रानडुकरांचंही तसंच. माद्या पिल्लांना घेऊन कळपानं फिरतात, मोठा नर बहुधा एकटाच. रात्रभर हरभऱ्याची जागल करणाऱ्या आजोबांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक असतं. एकटा नर शिरला तर थोडी नासधूस. कळप शिरला, तर सकाळी पोटात गोळाच येतो.

मग कळप करायचा कशाला? उघड्या माळावर लपायला जागा नसते. तिथं पन्नास डोळे दोन डोळ्यांपेक्षा बरे! लांडगा लांबूनच दिसतो. बिबट्याला मात्र दबा धरायचा असतो, त्याला गर्दी चालेल कशी?

आता डायनोसॉरकडे वळू. त्यांना कळपात पाहिलेलं कोणी नाही. हाडं, पावलांचे ठसे आणि अंडी, एवढेच साक्षीदार. अमेरिकेत टेक्सासमध्ये लांब मानेच्या अनेक डायनोसॉरांचे ठसे एकाच दिशेनं गेलेले सापडले. ते बरोबर चालले होते, असं म्हणायला जागा आहे. पण घाई नको हं! १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे तीसएक सांगाडे मिळाले. लोक म्हणाले, अख्खा कळप खड्ड्यात पडला! पुढे लक्षात आलं, की सांगाडे वेगवेगळ्या थरांत होते. म्हणजे ते सगळे एकाच वेळी मेलेले नव्हते.

आपल्या लातूर जिल्ह्यातही मांजरा नदीकाठी, हरवाडीजवळ, हजारो वर्षांपूर्वीच्या हत्ती, पाणघोडा, रानबैलांची हाडं मिळाली आहेत. ती जवळजवळ सापडली म्हणून हे सगळे एकत्र नांदत होते का? नदीचा पूर कुठली हाडं कुठे नेऊन टाकील, सांगता येत नाही.

मराठवाड्यात डायनोसॉर शोधणं अवघडच. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पण नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. घरटी इतकी दाटीवाटीनं होती, की एवढ्या अवाढव्य आया मध्ये उभ्या राहिल्या असत्या तर अंडी चिरडली असती! म्हणून शास्त्रज्ञांना वाटतं, की माद्या अंडी घालायला एका जागी येत आणि नंतर पिल्लांना त्यांच्या नशिबावर सोडून निघून जात. मग यांना कळपातले म्हणाल की एकटे?

पुढच्या वेळी शेतातल्या चिखलात खुरांचे ठसे दिसले, तर नीट बघा. लहान-मोठे मिसळलेले आहेत, की एकाच मोठ्या खुराचे? आधी तुम्ही ओळखा, मग आजोबांना विचारा.