धोक्याच्या घंटेचे दर्दी

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या इमारतीत फायर अलार्म वाजला की माणसं कान झाकून जिन्याकडे निघतात. त्यांच्यातच एखादा उतरता उतरता ठोके मोजत असतो. अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके, दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद शांतता. मग दीड सेकंद विश्रांती. म्हणजे यंत्रणा बहुधा १९९६ नंतरची! त्या वर्षीच्या जुलैपासून फायर अलार्मच्या अमेरिकी संहितेनं हा ठेका नव्या यंत्रणांना बंधनकारक केला. त्याआधी कुठे अखंड भोंगा असायचा, तर कुठे मिनिटाला १२० ठोक्यांचा, कवायतीच्या चालीचा ‘मार्च टाइम’.

फायर अलार्म जमवणारे, दुरुस्त करणारे, वाजवून बघणारे असे हौशी लोक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आहेत. शाळेतल्या फायर ड्रिलच्या धास्तीतून हा नाद लागला, असं त्यांतले बरेच जण सांगतात. ज्या आवाजानं पोटात गोळा यायचा, तो येतो कुठून हे बघायला मूल जवळ गेलं आणि तिथंच रमलं.

सगळे एकाच जातीचे नाहीत. आग लागल्याचं ओळखणं, ते कळवणं आणि माणसाला उठवणं ही यंत्रणेची तीन कामं. यातलं कोणतं काम कुणाला मोहवतं, त्यावरून त्याची जात ठरते.

पहिली जात कानसेनांची. सिम्प्लेक्स, व्हीलॉक, एडवर्ड्स अशा कंपन्यांचे जुने हॉर्न आणि घंटा ते जमवतात. जुन्या हॉर्नमध्ये विजेचं वेटोळं धातूचा पडदा खेचतं. पडदा खेचला गेला की जोड तुटतो, पडदा मागे येतो, जोड पुन्हा लागतो. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं आणि अनेक कंप्रता मिसळलेला खरखरीत, रांगडा आवाज निघतो. पुढे आलेली इलेक्ट्रॉनिक शिटी वीज कमी खाते, पण तिचा स्वर साधारण ३,००० हर्ट्झचा, म्हणजे बराच वरचा. दर्दींना ती बेचव वाटते. त्यांची आवड बाजूला ठेवली, तरी वरच्या स्वराची उणीव विज्ञानानंही दाखवली आहे. वय वाढताना माणूस आधी वरच्याच स्वरांना मुकतो. ऑस्ट्रेलियातल्या डोरोथी ब्रक आणि इयान थॉमस यांनी ऐकायला कमी येणाऱ्या झोपलेल्या माणसांवर प्रयोग केले. वरच्या स्वरानं ५६ टक्के जागे झाले, तर ५२० हर्ट्झच्या चौकोनी तरंगाच्या आवाजानं ९२ टक्के. चौकोनी तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट कंप्रताही असतात, म्हणून तो कानाला अनेक वाटांनी गाठतो. झोपायच्या खोल्यांतल्या नव्या यंत्रणांसाठी अमेरिकी संहितेनं २०१४ पासून हाच खालचा स्वर लागू केला.

याच जातीची एक शाखा दिव्यांची. अपंगांच्या हक्कांचा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये झाला आणि हॉर्नशेजारी झेनॉनचा लखलखणारा दिवा सर्रास दिसू लागला. एका खोलीतले चार दिवे आगेमागे लखलखले, तर डोळ्यांवर झपाझप मारा होतो आणि प्रकाशानं झटके येणाऱ्या रुग्णांना धोका पोचतो. म्हणून ते एकाच क्षणी लागतील अशी सोय करावी लागली.

दुसरी जात जोडणी करणाऱ्यांची. भिंतीवर फळी, फळीवर नियंत्रण पॅनेल, तिथून निघालेल्या तारा. यांना कुतूहल असतं ते यंत्रणा स्वतःवर पाळत कशी ठेवते याचं. तारेच्या शेवटच्या टोकाला एक छोटा रोधक बसवलेला असतो आणि त्यातून अगदी थोडी वीज सतत वाहते. ती थांबली की पॅनेलला कळतं, तार तुटली आहे. हातानं ओढायच्या लाल पेट्याही यांच्याकडे असतात. काही जुन्या पेट्यांत काचेची बारीक कांडी असे. खटका ओढला की ती तुटायची आणि पेटी कुणीतरी ओढल्याचा पुरावा मागे राहायचा. शाबूत कांडीची पेटी मिळाली की संग्राहक हरखतो. आपल्या कार्यालयांत दिसणारी, काच दाबायची किंवा फोडायची पेटी ब्रिटिश वळणाची आहे.

तिसरी जात धूरशोधक जमवणाऱ्यांची. यांना छंदाबरोबर पथ्यही पाळावं लागतं. आयनीकरणाच्या पद्धतीच्या शोधकात अमेरिशियम-२४१ चा कण असतो. त्याच्या किरणांमुळे हवेतून सूक्ष्म प्रवाह वाहतो; धूर शिरला की प्रवाह घटतो आणि अलार्म वाजतो. या अमेरिशियमचा अर्धायुकाल सुमारे ४३२ वर्षं. काही जुन्या शोधकांत रेडियमही असे. त्यामुळे असा शोधक कपाटात ठेवावा, उघडून कधीच बघू नये.

चौथी जातही कळवण्याच्याच कामाची, पण सगळ्यात जुनी, रस्त्यावरच्या पेट्यांची. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी १८५२ मध्ये बॉस्टन शहरात तारायंत्रावर चालणारी सूचना-यंत्रणा उभारली. पुढे गेमवेल कंपनीनं ती गावोगाव नेली. पेटीतला खटका ओढला की चावीवर चालणारं दातेरी चाक फिरायचं आणि पेटीचा क्रमांक अग्निशमन केंद्रातल्या घंटेवर वाजायचा. क्रमांक ५२ असेल, तर पाच ठोके, विराम, दोन ठोके. बॉस्टनमध्ये ९ नोव्हेंबर १८७२ ला याच ५२ क्रमांकाच्या पेटीतून वर्दी गेली आणि त्या आगीत ७७६ इमारती जळाल्या. तिथल्या आगबंब-शौकिनांच्या एका संस्थेनं हाच आकडा नावात घेतला आहे. बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाचे संचालक आर्थर फीडलर हेही असेच नामांकित आगबंब-शौकीन होते.

छंदाचे काही संकेत आहेत. सार्वजनिक पेटी ओढायची नाही. खोटी वर्दी हा गुन्हा आहे. पडक्या इमारतीतून काही उचकटायचं नाही. नूतनीकरणात निघालेला माल रीतसर घ्यायचा. घरी वाजवताना शेजाऱ्यांचाही विचार करायचा. आणि जमवलेल्या वस्तूंवर स्वतःचा जीव सोपवायचा नाही. घरगुती धूरशोधक दहा वर्षांनी बदलावा लागतो. म्हणून कपाटात कितीही जुने नग असोत, छताला नवा शोधक हवाच, आणि दर महिन्याला त्याचं बटण दाबून बघायला हवं.