हिरवा ठिपका आणि उष्मांकांचा आकडा

मेनूकार्डावरील हिरवा ठिपका आपण वाचत नाही. तो दिसतो आणि निवड होऊन जाते. वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर २००१ पासून आलेली ही खूण आज सर्वपरिचित आहे. मांसाहाराच्या खुणेतील तपकिरी वर्तुळाच्या जागी २०२० च्या विनियमांनी त्रिकोण आणला, तो रंगभेद न ओळखणाऱ्यांनाही आकारावरून फरक कळावा म्हणून.

परंतु पदार्थ आरोग्यास कितपत हितकर आहे, हे कसे कळावे? त्यासाठी नवी दिल्लीस्थित भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याच विनियमांत तरतूद केली. केंद्रीय परवाना असलेल्या, किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी प्रत्येक पदार्थाचे वाढप-प्रमाण आणि त्यातील किलोकॅलरी मेनूवर छापणे १ जुलै २०२२ पासून बंधनकारक झाले. त्यामुळे कॅनॉट प्लेस वा गुरुग्राममधील साखळी उपाहारगृहांत हा आकडा दिसावयास हवा. चांदनी चौकातील पराठ्यांच्या छोट्या दुकानास मात्र ही सक्ती नाही.

आकडा उपयुक्त खरा; पण भूक लागली असता हिशेब कोण करणार? शिवाय त्यातून मीठ, साखर उमगत नाही. येथे चित्ररूप खुणा साहाय्यभूत ठरतात. न्यूयॉर्कमध्ये २,३०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असलेल्या पदार्थापुढे साखळी उपाहारगृहांना मीठदाणीचे चिन्ह छापावे लागते. हा नियम २०१५ चा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या उपाहारगृहात २०१० मध्ये पदार्थांना हिरवे, पिवळे व लाल रंग देण्यात आले. पुढे हितकर जिन्नस नजरेच्या टप्प्यात मांडले गेले. दोन वर्षांत लाल पदार्थांच्या विक्रीचा वाटा २४ वरून २० टक्क्यांवर उतरला, तर हिरव्यांचा ४१ वरून ४६ टक्क्यांवर गेला. कोणताही पदार्थ बंद न करता हे साधले, हे विशेष.

भारतातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत नोंदविला आहे. म्हणून अशा खुणा आपल्याकडे रुळेपर्यंत वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे :

• प्रथम वाढप-प्रमाण पाहावे. आकडा तेवढ्यापुरताच असतो.
• प्रौढ व्यक्तीची दैनिक गरज सरासरी २,००० किलोकॅलरी धरावी. ५०० म्हणजे दिवसाचा पाव हिस्सा, १,००० म्हणजे निम्मा.
• सरबते व शीतपेये हिशेबात अवश्य धरावीत.

खात्यातील शिल्लक पाहून खर्च करणाऱ्यास ताटातील हा जमाखर्च अवघड वाटू नये!