परवानगी न मागता येणारा पाहुणा

मार्च 2024 मध्ये ह्यूमन सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी गुगल प्लेवरची 28 ॲप्स उघडी पाडली. त्यांतली 17 मोफत व्हीपीएन म्हणवून घेत होती. ज्याने ती घेतली त्याच्या फोनचा आयपी पत्ता गुपचूप भाड्याने जात होता. पत्ता भाड्याने घेणाऱ्याचा सगळा व्यवहार या फोनमधून बाहेर पडतो आणि समोरच्या वेबसाइटला तो फोनवाल्याचाच वाटतो. हीच रेसिडेन्शिअल प्रॉक्सी. चोरलेले पासवर्ड चालवून पाहणाऱ्यांना असाच साधा, घरगुती पत्ता हवा असतो. तक्रार झालीच, तर माग आधी त्या घरापर्यंत येतो.

‘ॲपला दिलेल्या परवानग्या तपासा’ हा नेहमीचा सल्ला इथे कामाचा नाही. कॅमेरा, संपर्क, लोकेशन यांसाठी अँड्रॉइड विचारतो. इंटरनेट वापरण्याची मुभा मात्र ॲपला न विचारता मिळते. प्रॉक्सीला तेवढीच पुरते.

मग पकडायचे कसे? संशोधकांना सुगावा लागला तो ओको व्हीपीएन या एका ॲपमुळे. त्यात गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होती. तिच्या खुणा घेऊन शोधल्यावर बाकीची ॲप्स सापडली. पुढे हाच कोड लुमीॲप्स नावाच्या तयार किटमध्येही आढळला. ॲप बनवणाऱ्याने ॲपची फाइल चढवली की मूळ कोड नसतानाही किट त्यात बसवून मिळे, आणि वाहतुकीच्या प्रमाणात त्याला पैसे मिळत.

कोडमधल्या खुणा बदलता येतात. वागणे लपवणे अवघड. म्हणून ॲप चाचणीच्या फोनवर चालवून वाहतूक टिपतात. फोन कोणी हातातही घेतलेला नसताना एका सर्व्हरशी जोडणी टिकून राहते, तिकडून हुकूम येतो आणि लगेच अनोळखी वेबसाइटला विनंती जाते. जे आत आले तेच बाहेर गेले, हा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा. काही संशोधक तर प्रॉक्सी सेवा स्वतः विकत घेतात, तिच्यातून आपल्याच सर्व्हरला विनंत्या पाठवतात आणि त्या कोणत्या पत्त्यांवरून आल्या ते पाहतात.

घरी एवढे जमणार नाही. पण सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपचा बॅकग्राउंड डेटा दिसतो. टॉर्च किंवा कीबोर्डचे ॲप तिथे शेकडो एमबी दाखवत असेल, तर ते काढून टाका. ॲप्स तपासणारे गुगलचे प्ले प्रोटेक्ट बंद असेल तर चालू करा. आणि घरातल्या थोरामोठ्यांचे फोनही एकदा तपासा. मोफत व्हीपीएन तिथे बहुधा दुसऱ्याच कुणीतरी बसवून दिलेले असते.